उलटणाऱ्याला 'ने' लागत नाही

मराठीच्या वर्गात प्रयोग शिकवताना 'उलटणे' हा धातू उदाहरणादाखल फार सोयीचा पडतो, आणि सोयीचा पडतो म्हणूनच तो घाईने सांगून संपवला जातो. 'मुलाने पान उलटले' हा कर्मणी प्रयोग, 'गाडी उलटली' हा कर्तरी. एकच धातू सकर्मकही होतो आणि अकर्मकही, म्हणून तो उभयविध, एवढे फळ्यावर लिहिले की तास पुढे सरकतो. तिसरे वाक्य बहुधा फळ्यापर्यंत येतच नाही: 'बैल धन्यावर उलटला'. येथे बैल पानासारखा कोणी उलटवलेला नाही, आणि गाडीसारखा तो आडवाही झालेला नाही. त्याने स्वतःहून काहीतरी केले आहे, शिंग उगारले आहे, कदाचित धन्याला इजाही केली आहे. तरीही 'बैलाने धन्यावर उलटले' असे कोणी लिहिले तर आपण त्याखाली लाल रेघ ओढतो, आणि ती रेघ बरोबरच असते. मारणाऱ्याला 'ने' लागतो, लाथाडणाऱ्याला लागतो, ढकलणाऱ्याला लागतो. उलट मारणाऱ्याला मात्र लागत नाही.

व्याकरणाचे उत्तर सरळ आहे. धातू अकर्मक, म्हणून प्रयोग कर्तरी. दादोबा पांडुरंगांच्या १८३६ च्या व्याकरणापासून मोरो केशव दामल्यांच्या १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'पर्यंत प्रयोगविचार हा आपल्याकडे वादाचा विषय राहिला असला, तरी या वाक्याबद्दल कोणाचे दुमत होण्याचे कारण नाही. शिवाय 'ने' नाही एवढ्यावरून फार मोठा निष्कर्ष काढण्याचा मोहही आवरला पाहिजे. 'हसला', 'झोपला', 'पळाला' यांनाही 'ने' नाही, आणि त्यात कोणावर अन्याय झालेला नाही. प्रस्तुत लेखाचा प्रश्न थोडा वेगळा आहे. हे क्रियापद रोजच्या वाक्यात बरोबर वापरायचे म्हणजे नेमके काय करायचे, कोणाला कर्ता करायचे, कोणाला 'वर' लावायचे, आणि इतिहास लिहिताना ते वापरायचे की टाळायचे, एवढेच येथे पाहायचे आहे. त्यासाठी उदाहरणे पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतली घेतली आहेत. कारण उलट मारण्याचे जेवढे प्रकार आहेत, त्यांतले बहुतेक या टापूने पाहिले आहेत, आणि प्रत्येक प्रकार कागदावर वेगळ्या क्रियापदाने नोंदला गेला आहे.

टापूची कल्पना येण्यासाठी येडगावला उभे राहणे सोयीचे. कुकडी नदी पश्चिमेला सह्याद्रीत, नाणेघाटाच्या बाजूला उगम पावते आणि जुन्नरवरून पूर्वेकडे येते. येडगावच्या धरणात ती अडवली आहे. धरण १९७७ साली पुरे झाले. माणिकडोह, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे आणि येडगाव ही कुकडी प्रकल्पाची पाच धरणे; त्यांतले येडगाव असे, की जेथून डावा कालवा निघून पूर्वेच्या दुष्काळी तालुक्यांकडे जातो. पश्चिमेला डोंगर, भातखाचरे आणि महादेव कोळ्यांच्या वाड्या. पूर्वेला ऊस, द्राक्षे, टोमॅटो आणि नारायणगावची बाजारपेठ. धरण आजचे असले तरी ही विभागणी जुनी आहे. डोंगरातला माणूस आणि पेठेतला माणूस यांचा व्यवहार याच पट्ट्यात शतकानुशतके चालत आला, आणि व्यवहार जेथे असतो तेथेच उलटण्याचा प्रश्न येतो.

कारण 'उलटणे' या क्रियेला आधीचे नाते लागते. परका माणूस उलटत नाही. तो हल्ला करतो. शत्रू उलटत नाही. तो चालून येतो, चढाई करतो, फार तर प्रत्युत्तर देतो. उलटतो तो, ज्याच्याकडून आपण तसे अपेक्षिलेले नसते: बैल, कुत्रा, गडी, मुलगा, साक्षीदार, फार दिवसांचा मित्र. 'साक्षीदार उलटला' असे आपण म्हणतो, कारण तो आपला होता. 'मुलगा बापावर उलटला' हे वाक्य कोणालाही खटकत नाही. 'बाप मुलावर उलटला' हे ऐकून पाहा. व्याकरणाने निर्दोष, आणि तरी कानाला चूक. बाप मुलावर ओरडतो, खेकसतो, धावून जातो. त्याचप्रमाणे जमाव पोलिसांवर उलटतो, पण पोलीस जमावावर उलटत नाहीत. ते बळाचा वापर करतात, आणि वर्तमानपत्रांच्या लाडक्या शब्दांत सौम्य लाठीमार करतात. 'सून उलटून बोलते' ही तक्रार घरोघर ऐकू येते. 'सासू उलटून बोलते' अशी तक्रार मराठीत कोणी करील तर ऐकणारा आधी हसेल. म्हणजे क्रियापदाने कर्ता आणि लक्ष्य यांच्यात एक उतरंड गृहीत धरलेली आहे. 'वर' हे अव्यय येथे निव्वळ दिशा दाखवत नाही. ज्याला ते लागते तो खरोखरच वर असतो.

आणखी एक गोष्ट. 'उलटला' एवढे म्हटल्याने त्याने केले काय, हे कळत नाही. चावला, बोलला, मारले, फिर्याद केली, नोकरी सोडून गेला, यांपैकी काहीही असू शकते. क्रियापद फक्त अंगाचा पवित्रा सांगते: तोंड तिकडे होते, ते इकडे झाले. म्हणून मार सांगायचा असेल तर वेगळे क्रियापद जोडावे लागते, 'उलटून मारले', आणि तेथे 'ने' पुन्हा हजर होतो: 'त्याने उलटून मारले'. विद्यार्थ्यांचा घोटाळा होतो तो याच सांध्यावर. 'त्याने माझ्यावर उलटला' हे जे रूप हल्ली निबंधांत दिसते, ते या दोन रचनांची गफलत आहे. त्यात 'पलटकर' आणि 'पलटवार' यांचा हिंदी शेजारही आहेच. कालव्याच्या आवर्तनावरून दोन तालुक्यांच्या पुढाऱ्यांत जुंपली की मराठी बातम्यांत हमखास 'पलटवार' होतो. वार पलटवता येतो हे खरे, पण मराठीत तो परतवला जातो किंवा त्याला उत्तर दिले जाते. 'हल्ला परतवला' आणि 'हल्ल्याला उत्तर दिले' यांतही फरक आहे: पहिल्यात आलेला वार अडला, दुसऱ्यात आपला वार निघाला. असो.

आता इतिहासाकडे. जुन्नरच्या संदर्भात मराठी गद्यात येणारे एक जुने आणि ठसठशीत क्रियापद 'मारणे' हे आहे. बखरींच्या भाषेत शहर मारतात, पेठ मारतात. १६५७ साली शिवाजी महाराजांनी रात्री तटाला शिड्या लावून मोगलांच्या ताब्यातले जुन्नर मारले. तीन लक्ष होन आणि दोनशे घोडे हाती लागले असे सांगितले जाते. येथे क्रियापद सकर्मक आहे, कर्त्याला विभक्ती आहे, कर्म म्हणून अख्खे शहर आहे. राजाची कृती अशीच लिहिली जाते. विजापूरच्या दरबाराच्या दृष्टीने महाराज हे आपल्या चाकर सरदाराचे चिरंजीव होते, आणि त्या दरबारात मराठी बोलली जात असती तर 'उलटणे' हेच क्रियापद तेथे वापरले गेले असते. मराठी लेखकाने मात्र 'महाराज आदिलशाहीवर उलटले' असे वाक्य लिहिलेले आपल्याला आढळणार नाही, आणि कोणी लिहिले तर ते चुकीचेच वाटेल. घटना तीच राहते. नाते कोणाच्या ओसरीवरून पाहायचे, एवढे बदलते. मराठीने ते आपल्या ओसरीवरून पाहिले, म्हणून तेथे उभारणे, स्थापणे, मारणे, जिंकणे ही क्रियापदे आली.

उलट बाजूने, म्हणजे सत्तेने खाली उतरून केलेल्या माराला मराठीत 'पारिपत्य' हा शब्द आहे. पुंडांचे पारिपत्य, बंडखोरांचे पारिपत्य. त्यालाच कागदपत्रांतून 'तंबी', 'नसीहत' असे फारसी नातेवाईकही भेटतात. पारिपत्यात मारणारा न्यायाधीशासारखा उभा असतो. मार हा मार राहत नाही, तो बंदोबस्त होतो. शिवनेरीच्या डोंगरावर जो कोळी चौथरा म्हणून ओळखला जातो, त्याच्याविषयीची परंपरा अशी आहे, की सतराव्या शतकाच्या मध्याला मोगल अमलाविरुद्ध उठलेल्या महादेव कोळ्यांना पकडून आणून तेथे त्यांची डोकी मारली गेली. किती जणांची, याविषयीचे आकडे परंपरेने वाढत गेलेले असणार; ते येथे देण्यात अर्थ नाही. पण तीच घटना एका तोंडी पारिपत्य होते आणि दुसऱ्या तोंडी कत्तल, आणि मधल्या कोळ्यांनी काय केले होते, बंड की आणखी काही, हे शब्द कोणत्या तोंडचा यावर ठरते.

यानंतर दोनशे वर्षांनी याच डोंगरात जे घडले, त्याने क्रियापदांची खरी परीक्षा घेतली. आंबेगाव तालुक्यातल्या जांभोरीचा होनाजी भागूजी केंगले हा महादेव कोळ्यांतला वजनदार माणूस. १८७३ पासून त्याने टोळी जमवून पुणे, ठाणे, नगर आणि नाशिक या जिल्ह्यांच्या सीमेवरच्या सावकारांवर छापे घालायला सुरुवात केली. सरकारने त्याला पकडून देणाऱ्यास एक हजार रुपयांचे बक्षीस लावले, सशस्त्र पोलीस डोंगरात घातले, आणि अखेर १८७६ मध्ये मेजर डॅनियल या पोलीस अधिकाऱ्याने त्याला पकडले. १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरात ही हकीकत आहे. ती लिहिणारे सरकारी लेखक असूनही, डोंगरी लोकांना सावकारांनी फसवले, नाडले आणि टोकाला नेले, हे त्यांनी नोंदवून ठेवले आहे. टोळीची एक खूण अशी, की लुटीबरोबर सावकाराचे नाक कापले जाई.

'नाक कापणे' हा आपल्याकडे वाक्प्रचार आहे. गावात, भावकीत, पंगतीत माणसाचे नाक कापले जाते, आणि त्यात रक्त सांडत नाही. कर्जदाराचे नाक असे वर्षानुवर्षे कापले जात असते: ओसरीच्या खाली उभे राहायचे, 'अरे'ची हाक ऐकायची, अंगठा उठवायचा, आणि खतावर काय लिहिले आहे ते विचारायचे नाही. होनाजीच्या माणसांनी वाक्प्रचार शब्दशः घेतला. ही क्रूरता होती, आणि ती क्रूरता म्हणूनच सांगितली पाहिजे. ज्याचे नाक गेले तोही एक माणूस होता, आणि सगळ्या व्यवस्थेचा दोष त्याच्या एकट्याच्या चेहऱ्यावर वसूल करण्यात न्याय नव्हता. पण ज्या भाषेत हे घडले त्या भाषेत त्याचा अर्थ काय होता, हेही वाचता आले पाहिजे. मराठीत उलट उत्तराला 'अरेला कारे' म्हणतात. 'अरे' ही वरून खाली येणारी हाक. 'का रे' म्हणजे तीच हाक तेवढ्याच उंचीवरून परत पाठवणे. या वाक्प्रचारात अपमानाची परतफेड होते, आणि तेवढ्यापुरती दोन माणसे समोरासमोर येतात. मारामारीच्या सगळ्या मराठी शब्दांत उतरंड मोडणारा असा दुसरा शब्द मला आठवत नाही.

परतफेड हा शब्द येथे सहज आला, पण तो जाताजाता सोडून देण्यासारखा नाही. सूड आणि कर्ज यांची क्रियापदे मराठीत एकाच खातेवहीतली आहेत. कर्ज फेडतात, नवस फेडतात, उपकार फेडतात, आईबापांचे पांग फेडतात, आणि उट्टेही फेडतात. वचपा काढतात, उट्टे काढतात, आणि कर्जही काढतातच. 'मागच्या पराभवाचा वचपा काढला' हे वाक्य आता क्रिकेटच्या बातमीपुरते उरले असले, तरी त्याच्यामागे बाकी निघालेली वही आहे. 'सूड' या शब्दाचे वर्तन जरा अवघड आहे. 'त्याने भावाचा सूड घेतला' या वाक्यात भाऊ मारला गेला होता की भावालाच मारले, हे षष्ठीवरून कळत नाही. म्हणून सावध लेखक 'भावाच्या खुनाचा सूड घेतला' असे कारण लिहितो, किंवा 'भावावर सूड उगवला' असे लक्ष्य. 'चा' ने अपराध सांगावा आणि 'वर' ने अपराधी, एवढी शिस्त पाळली तर वाक्य निःसंदिग्ध होते. आणि लक्षात येईल की सूड घेणाऱ्याला 'ने' आहे. सूड ही योजना असते, उलटणे हा क्षण असतो.

१८७५ साली घडले ते यांपैकी काय होते? हकीकत परिचयाची आहे, म्हणून थोडक्यात. शिरूर तालुक्यातल्या करडे गावी १८७४ च्या अखेरीस एका सावकाराने कर्जाच्या हुकूमनाम्यावर गावच्या देशमुखाचे घर मिळवले आणि पाडायला घेतले. गावाने त्या सावकाराला वाळीत टाकले, त्याची कामे करायचे नाकारले. वणवा तेथून पसरत गेला. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात सावकारांची घरे-दुकाने फुटली, आणि पुढच्या काही आठवड्यांत पुणे व नगर या जिल्ह्यांतल्या अनेक गावांत तेच झाले. लोकांना हवी होती ती खते. जेथे सावकाराने खते काढून दिली तेथे ती जाळली गेली आणि माणसाला फारसा धक्का लागला नाही. ९५१ जणांना अटक झाली, त्यांपैकी ५०१ जणांना शिक्षा झाली. सरकारने चौकशी आयोग नेमला, त्याचा अहवाल आला, आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना कर्जातून दिलासा देणारा कायदा झाला.

आयोगाच्या नावात 'दंगे' हा शब्द होता, आणि मराठीने तो जसाच्या तसा उचलला: दख्खनचे दंगे. पुढे अभ्यासक बदलले तसे त्याचे 'उठाव' झाले, आणि उठावाचा मान मोठा. असेच नामांतर त्याआधीच्या १८५७ चेही झाले. विष्णुभट गोडशांच्या प्रवासवर्णनाच्या नावात ते 'बंड' आहे, आणि सावरकरांनी १९०९ मध्ये त्याला 'स्वातंत्र्यसमर' म्हटले. दंगा, बंड, उठाव, समर ही चढती भाजणी कोणालाही पाठ करता येईल. परीक्षेत ती विचारलीही जाते. पण या चारही शब्दांत एक उणीव समान आहे, आणि तिच्याकडे लक्ष जात नाही. ही चारही नामे आहेत. त्यांना 'करणे' जोडले की वाक्य पुरे होते: शेतकऱ्यांनी दंगा केला, कोळ्यांनी बंड केले. कर्त्याला 'नी' मिळाला, क्रियेची जबाबदारी त्याच्या पदरात पडली, आणि वाक्य १२ मे रोजी सुरू होऊन १२ मे रोजीच संपले. करड्याचे पाडलेले घर वाक्याच्या बाहेर राहिले. 'उठाव' म्हणून मान दिला तरी ते बाहेरच राहते.

'उलटणे' मात्र असे संपत नाही. 'कुळे सावकारांवर उलटली' असे म्हटले की ऐकणारा लगेच विचारतो: का? काय झाले होते? क्रियापदातच पहिला वार गृहीत आहे, आणि तो अजून सांगायचा बाकी आहे, असे वाक्य स्वतःच सांगते. म्हणजे ज्या क्रियापदाने कुळांना बैलाच्या आणि गड्याच्या पंक्तीला बसवले, तेच क्रियापद त्यांच्या बाजूची साक्षही देते. या अडचणीतून सुटका नाही. मान हवा असेल तर कारण हरवते. कारण हवे असेल तर उतरंड मान्य करावी लागते.

हे फक्त कागदी विवेचन वाटू नये म्हणून त्याच टापूतले आजचे उदाहरण. जुन्नर वनविभागात उसाच्या शेतांत बिबट्यांचा वावर गेली कित्येक वर्षे आहे. माणिकडोहला बिबट निवारण केंद्र आहे. अंगणातून किंवा शेताच्या बांधावरून बिबट्याने माणूस उचलला तर मराठी माणूस 'बिबट्याने हल्ला केला' असे म्हणतो. 'बिबट्या उलटला' असे कधीच म्हणत नाही, आणि त्या घरापुढे तसे म्हणणे निर्दयपणाचे होईल. विहिरीत पडलेल्या किंवा फडात कोंडलेल्या बिबट्याभोवती काठ्या घेऊन गर्दी जमली आणि तो अंगावर आला, तर मात्र 'उलटला' हाच शब्द तोंडी येतो. येथपर्यंत भाषा अचूक आहे. पण २००१ ते २००३ या काळात जुन्नर परिसरात माणसांवरचे हल्ले वाढले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचा अभ्यास केला, आणि त्यांचा निष्कर्ष असा, की बिबटे पिंजऱ्यात पकडून दूरच्या जंगलात नेऊन सोडण्याच्या धोरणानंतर हल्ले वाढलेले दिसतात. मग त्या हल्ल्यांसाठी क्रियापद कोणते? गोष्ट अंगणापासून सुरू केली तर हल्ला. पिंजऱ्यापासून सुरू केली तर उलटणे. घटनेत काहीच बदललेले नाही. ज्यांचे माणूस गेले त्यांच्यासाठी गोष्ट अंगणातच सुरू होते, आणि तो त्यांचा हक्क आहे. इतिहास लिहिणाऱ्याला मात्र पिंजऱ्याची तारीखही द्यावी लागते.

एक तिसरा मार्गही मराठीने काढला होता, त्याचाही उल्लेख हवा. विसाव्या शतकात 'प्रतिकार' हा शब्द या कामासाठी पुढे आला. मूळचा तो उपायाचा, चिकित्सेचा शब्द. 'रोगप्रतिकारक शक्ती'त ती छटा अजून आहे. त्याला कर्म षष्ठीत लागते, 'अन्यायाचा प्रतिकार केला'. म्हणजे पहिला वार वाक्यात नाव घेऊन येतो, आणि कर्त्याला 'ने'ही मिळतो. व्याकरणाच्या दृष्टीने ही उत्तम तडजोड. निःशस्त्र प्रतिकार हा शब्दप्रयोग त्यातूनच रुळला. त्याची उणीव एवढीच, की तो बोलीत उतरला नाही. भांडणात, बांधावर, चुलीपाशी कोणी प्रतिकार करत नाही. 'प्रति' या उपसर्गाचे लोकांनी काय केले, हे १९४२ नंतरच्या साताऱ्यात दिसते. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या चळवळीचे नाव 'प्रतिसरकार'; लोकांच्या तोंडी ते 'पत्री सरकार' झाले, आणि खबऱ्यांच्या, गावगुंडांच्या तळपायांवर मार देण्याच्या शिक्षेशी ते नाव जोडले गेले. विद्वत्तेचा उपसर्ग हातात मावत नव्हता; लोकांनी त्याला पत्री करून घेतले.

आणि ज्यात मार नसतोच अशा उलटण्याला तर स्वतंत्र शब्द मिळाला: संप. गुजरातीत 'संप' म्हणजे आजही एकोपा. करड्याच्या गावाने सावकाराला वाळीत टाकले तो याच जातीचा प्रकार. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात जुन्नर भागातल्या कुळांनी जमीनमालकांच्या आणि सावकारांच्या जमिनी कसायचे नाकारले, आणि जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीचे बळ त्यांच्या पाठीशी होते. 'शेतकऱ्याचा असूड' त्याच दशकातला, १८८३ चा. ज्या डोंगराने आणि पठाराने दहा वर्षांपूर्वी नाके कापली आणि खते जाळली, त्याच भागात लोक आता नुसते नांगर उचलून घरी ठेवत होते. हे उलटणे होते की नव्हते? मालक नक्कीच म्हणाले असतील, 'कुळे उलटली'. कुळांनी मात्र कोणाच्याही अंगावर काहीही केलेले नव्हते. त्यांनी फक्त न करण्याचे ठरवले होते. बैलाला हे जमत नाही.

आता विद्यार्थ्याच्या वहीतल्या वाक्याकडे येऊ. होनाजी केंगल्याविषयी एक वाक्य लिहा, असे सांगितले तर 'टोळीने सावकारांना लुटले व विद्रूप केले' हे सत्य आहे आणि अपुरे आहे. 'होनाजीने बंड केले' हे भारदस्त आहे आणि मुके आहे. 'होनाजीने सावकारशाहीचा प्रतिकार केला' हे आजच्या कानाला गोड आहे, पण त्यात नाकाचे रक्त धुऊन निघते, म्हणून ते मला सर्वांत कमी पसंत आहे. राहिले 'डोंगरातली कुळे सावकारांवर उलटली'. हे घ्यावे, पण एकटे घेऊ नये. त्याच्या आधी एक वाक्य हवे, आणि त्यात 'ने' किंवा 'नी' सावकाराला लागला पाहिजे: सावकारांनी खते लिहून घेतली, जमिनी घेतल्या, कोर्टाचे हुकूमनामे आणले. मग दुसरे वाक्य: कुळे उलटली. आणि मग तिसरे, पुन्हा 'नी' लावून, कारण येथे योजना आहे आणि जबाबदारीही आहे: त्यांनी खते जाळली, होनाजीच्या माणसांनी नाके कापली. तीन वाक्ये, तीन कर्ते, आणि मधल्याला विभक्ती नाही. एका वाक्यात बसवण्याचा हट्ट धरला की कोणीतरी वाक्याबाहेर जातोच, आणि आजवर बहुधा पहिल्या वाक्याचा कर्ता बाहेर गेला आहे.